नर्स प्रॅक्टिशनर

नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे मूलभूत परिचर्या शिक्षण व नोंदणी पूर्ण केल्यानंतर एखाद्या विशिष्ट क्षेत्रात प्रगत शिक्षण आणि रुग्णालयीन प्रशिक्षण घेतलेली परिचारिका किंवा परिचारक. रुग्णाची तपासणी करणे, आजाराविषयी निष्कर्ष काढणे, उपचार सुरू करणे आणि गरजेनुसार रुग्णाला पुढील केंद्राकडे पाठवणे ही कामे सर्वसाधारण परिचारिकेपेक्षा अधिक स्वायत्ततेने करण्यासाठी हे प्रशिक्षण दिले जाते. ही स्वायत्तता किती असावी, हे प्रत्येक देशाचा आणि काही ठिकाणी प्रत्येक राज्याचा कायदा ठरवतो. भारतात नर्स प्रॅक्टिशनरचे शिक्षणक्रम अस्तित्वात आहेत. मात्र स्वतंत्रपणे औषधे लिहून देण्याचा सर्वसाधारण अधिकार परिचारिकांना नाही. त्यामुळे विशेषज्ञतेची निवड आणि कार्यकक्षेची मर्यादा हे दोन प्रश्न येथे एकमेकांत गुंतलेले आहेत.

महाराष्ट्रातील अहिल्यानगर (पूर्वीचे नाव अहमदनगर) जिल्ह्याला या विषयाच्या अभ्यासात वेगळे स्थान आहे. डॉक्टरांची कामे प्रशिक्षित परिचारिका आणि गावातील आरोग्य कार्यकर्त्या यांच्यात विचारपूर्वक वाटून देण्याचा भारतातील सर्वांत प्रसिद्ध प्रयोग याच जिल्ह्यातील जामखेड येथे १९७० पासून झाला.

संज्ञा

मराठीत 'नर्स प्रॅक्टिशनर' ही संज्ञा बहुधा जशीच्या तशी वापरली जाते. 'परिचर्या व्यवसायी' हा पर्याय काही ठिकाणी आढळतो, परंतु तो रूढ झालेला नाही. महाराष्ट्राच्या शासकीय रुग्णालयांत स्टाफ नर्सला 'अधिपरिचारिका', कक्षाच्या प्रमुखास 'परिसेविका' आणि मेट्रनला 'अधिसेविका' म्हणतात. ही सेवाश्रेणीतील पदे आहेत. नर्स प्रॅक्टिशनर हे पदोन्नतीचे नाव नसून शिक्षण आणि कार्याधिकार यांवर आधारलेली भूमिका आहे. वीस वर्षे अनुभव असलेली परिसेविका केवळ अनुभवामुळे नर्स प्रॅक्टिशनर ठरत नाही.

'कार्यकक्षा' म्हणजे व्यवसायातील व्यक्तीला कायद्याने, शिक्षणाने आणि संस्थेच्या नियमांनी जे करण्याची मुभा आहे त्याची व्याप्ती. एखादे काम करता येणे आणि ते करण्याचा अधिकार असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे या संकल्पनेचे सार होय.

उगम

नर्स प्रॅक्टिशनर या भूमिकेचा आरंभ अमेरिकेत झाला. १९६५ मध्ये कोलोराडो विद्यापीठात परिचारिका लोरेटा फोर्ड आणि बालरोगतज्ज्ञ हेन्री सिल्व्हर यांनी पहिला शिक्षणक्रम सुरू केला. ग्रामीण व गरीब वस्त्यांतील मुलांपर्यंत डॉक्टर पोहोचत नव्हते. निरोगी मुलांची तपासणी, लसीकरण, आईला सल्ला आणि नेहमीच्या लहानसहान आजारांवरील उपचार प्रशिक्षित परिचारिका करू शकेल, असा त्यामागील विचार होता. पुढे ही भूमिका कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आदी देशांत पसरली. इंटरनॅशनल कौन्सिल ऑफ नर्सेस या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००२ मध्ये प्रगत परिचर्येची व्याख्या केली. तीत तज्ज्ञ ज्ञान, गुंतागुंतीचे निर्णय घेण्याची क्षमता आणि विस्तारित कामासाठी लागणारे कौशल्य यांवर भर होता, तसेच पदव्युत्तर शिक्षणाची शिफारस होती.

कार्यकक्षा ठरवणारे घटक

परिचारिकेची कार्यकक्षा साधारणपणे चार पातळ्यांवर ठरते.

१. कायदा : व्यवसायाची नोंदणी, औषधांची विक्री व वापर, तसेच विशिष्ट वैद्यकीय प्रक्रिया यांविषयीचे कायदे.
२. शिक्षण : मान्यताप्राप्त शिक्षणक्रमात जे शिकवले व तपासले गेले आहे ते.
३. संस्थेचे धोरण : रुग्णालयाची लेखी कार्यपद्धती आणि स्थायी आदेश.
४. वैयक्तिक सक्षमता : संबंधित व्यक्तीचा प्रत्यक्ष सराव आणि ते काम सुरक्षितपणे करण्याची सध्याची क्षमता.

काम कार्यकक्षेत बसण्यासाठी या चारही अटी पूर्ण व्हाव्या लागतात. संस्थेच्या स्थायी आदेशाने कायद्यात नसलेला अधिकार निर्माण होत नाही. त्याचप्रमाणे, कायद्याने मुभा असली तरी प्रशिक्षण नसलेल्या व्यक्तीने ते काम करणे योग्य ठरत नाही.

भारतातील कायदेशीर चौकट

परिचर्या शिक्षणाचे देशभर समान मानक राखण्यासाठी भारतीय परिचर्या परिषद कायदा १९४७ मध्ये झाला. महाराष्ट्रात परिचारिकांची नोंदणी महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ अन्वये महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे होते. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोग कायदा संमत केला. त्यात १९४७ च्या कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय आयोग, राज्य आयोग आणि राष्ट्रीय नोंदवही यांची तरतूद आहे.

या कायद्यांचा भर शिक्षण आणि नोंदणी यांवर राहिला आहे. प्रत्यक्ष कामाच्या सीमा इतर अनेक कायद्यांत विखुरलेल्या आहेत. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांनुसार अनुसूची 'एच' मधील औषधे नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. प्रतिजैविके, तसेच रक्तदाब व मधुमेहावरील बहुतेक औषधे या किंवा अशाच निर्बंधित गटांत मोडतात. याच नियमांच्या अनुसूची 'के' मध्ये मात्र एक महत्त्वाचा अपवाद आहे. शासकीय आरोग्य व कुटुंबकल्याण कार्यक्रमांतर्गत प्राथमिक आरोग्य केंद्रे व उपकेंद्रांतील परिचारिका आणि बहुउद्देशीय कर्मचारी, तसेच अंगणवाडी कार्यकर्त्या यांनी पुरवलेल्या औषधांना विक्री परवान्याची अट लागू होत नाही. म्हणून उपकेंद्रात औषध 'देणे' आणि औषध 'लिहून देणे' यांत कायद्याच्या दृष्टीने मोठा फरक पडतो.

वैद्यकीय गर्भपात कायदा, १९७१ अन्वये गर्भपात करण्याचा अधिकार केवळ विहित पात्रता असलेल्या नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकास आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये 'मानसिक आरोग्य परिचारिका' ही स्वतंत्र संज्ञा व्याख्यित केलेली आहे.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ च्या कलम ३२ मध्ये 'सामुदायिक आरोग्य प्रदाता' या मध्यम स्तरावरील व्यावसायिकास मर्यादित परवाना देण्याची तरतूद आहे. असा प्रदाता प्राथमिक व प्रतिबंधात्मक सेवेत विनिर्दिष्ट औषधे स्वतंत्रपणे लिहून देऊ शकतो. इतर बाबतींत त्याला वैद्यक व्यावसायिकाच्या देखरेखीखाली काम करावे लागते. या परवान्यांची संख्या नोंदणीकृत डॉक्टरांच्या एकतृतीयांशाहून अधिक असू नये, अशी मर्यादाही कायद्यात आहे. हे कलम नर्स प्रॅक्टिशनर या नावाने अधिकार देत नाही.

कार्यकक्षेचा टप्प्याटप्प्याने विस्तार

कायद्यात मोठा बदल न करताही शासकीय मार्गदर्शक सूचनांद्वारे परिचारिकांची कार्यकक्षा विस्तारल्याची उदाहरणे आहेत. त्यांत सुरक्षित प्रसूतीचे उदाहरण सर्वांत ठळक आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या कुशल प्रसूती साहाय्याविषयीच्या सूचनांनुसार प्रशिक्षित आरोग्यसेविका व अधिपरिचारिका प्रसूतीनंतरचा रक्तस्राव रोखण्यासाठी ऑक्सिटोसिन किंवा मिसोप्रोस्टॉल देऊ शकतात. गर्भवतीला झटके येत असतील तर मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा देऊन तिला रुग्णालयाकडे पाठवू शकतात.

या परवानगीचे स्वरूप बोधप्रद आहे. औषध ठरलेले, मात्रा ठरलेली, ते देण्याचे लक्षण ठरलेले आणि पुढची पायरी म्हणजे रुग्णालयही ठरलेले. मोठ्या रुग्णालयापासून दूरच्या गावात झटके येणाऱ्या बाईला पहिली मात्रा गावातच मिळणे आणि रुग्णालयात पोहोचल्यावर मिळणे, यांतील अंतर जीवन-मरणाचे ठरू शकते. कार्यकक्षेचा प्रश्न केवळ व्यावसायिक प्रतिष्ठेचा नसून रुग्णाच्या सुरक्षिततेचा आहे, हे यावरून स्पष्ट होते.

भारतातील शिक्षणक्रम

परिचर्या शिक्षणाच्या मूलभूत पायऱ्या पुढीलप्रमाणे आहेत.

• साहाय्यकारी परिचारिका प्रसविका (एएनएम) : दोन वर्षांचा शिक्षणक्रम. उपकेंद्रातील आरोग्यसेविका प्रामुख्याने या पात्रतेच्या असतात.
• सामान्य परिचर्या व प्रसविका पदविका (जीएनएम) : तीन वर्षे.
• बी.एस्सी. नर्सिंग : चार वर्षे. जीएनएम पात्रताधारकांसाठी दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. हा पर्याय आहे.
• एम.एस्सी. नर्सिंग : दोन वर्षे. यात वैद्यकीय-शल्यक्रिया, बालआरोग्य, मानसिक आरोग्य, सामुदायिक आरोग्य आणि प्रसूती व स्त्रीरोग या शाखा आहेत.

याशिवाय अतिदक्षता, नवजात शिशू, शस्त्रक्रियागृह, कर्करोग, हृदय व वक्ष, आपत्कालीन सेवा अशा विषयांत एक वर्षाच्या विशेष पदविका आहेत.

नर्स प्रॅक्टिशनर या नावाने प्रामुख्याने दोन शिक्षणक्रम ओळखले जातात. 'नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर' हा भारतीय परिचर्या परिषदेने आखलेला दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर शिक्षणक्रम आहे. बी.एस्सी. नर्सिंग आणि रुग्णालयीन अनुभव ही त्याची प्रवेशपात्रता असून प्रशिक्षणाचा मोठा भाग अतिदक्षता विभागात पार पडतो. कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णाची देखभाल, हृदयालेखाचे वाचन, रक्तातील वायूंच्या तपासणीचा अर्थ लावणे आणि संस्थेच्या कार्यपद्धतीनुसार आपत्कालीन औषधे देणे ही कौशल्ये त्यात येतात.

दुसरा शिक्षणक्रम 'नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी' हा आहे. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने प्रसविका सेवांविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आणि नोंदणीकृत परिचारिकांसाठी अठरा महिन्यांच्या प्रशिक्षणाची योजना मांडली. तेलंगणात असा उपक्रम त्याआधीच, २०१७ मध्ये, सुरू झाला होता. गुंतागुंत नसलेली प्रसूती अनावश्यक हस्तक्षेप टाळून प्रसविकेच्या नेतृत्वाखाली व्हावी, हा त्यामागील हेतू आहे.

विशेषज्ञतेची निवड

विशेषज्ञता निवडताना पुढील घटक महत्त्वाचे मानले जातात.

रुग्णगट : अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनरची विशेषज्ञता मुख्यतः रुग्णगटावरून ठरते. कुटुंब, प्रौढ व वृद्ध, बालक, नवजात शिशू, स्त्री-आरोग्य आणि मानसिक आरोग्य असे हे गट आहेत. एका गटासाठी प्रमाणित झालेल्या व्यक्तीला दुसऱ्या गटात काम करायचे असल्यास पुन्हा शिक्षण घ्यावे लागते. त्यामुळे सुरुवातीची निवड पुढील अनेक वर्षांवर परिणाम करते.

तीव्र की प्राथमिक सेवा : अतिदक्षता विभागात रुग्ण थोडे, निर्णय तातडीचे आणि डॉक्टर जवळ असतात. प्राथमिक सेवेत रुग्ण अनेक, आजार दीर्घकालीन आणि डॉक्टर बहुधा दूर असतात. पहिल्या क्षेत्रात तांत्रिक कौशल्याचा कस लागतो. दुसऱ्यात धोक्याची लक्षणे वेळीच ओळखणे आणि गावाचा विश्वास संपादन करणे यांचा.

मंजूर पदे : पदवी आणि पद यांची सांगड नेहमी बसत नाही. प्रगत शिक्षण घेतलेली व्यक्ती अधिपरिचारिकेच्याच पदावर रुजू झाल्यास तिची कर्तव्ये पदानुसार राहतात, पदवीनुसार नव्हे. म्हणून शिक्षणक्रमाची मान्यता, राज्य परिषदेकडे अतिरिक्त पात्रतेची नोंद आणि प्रत्यक्ष पदाची कर्तव्यसूची या तीन गोष्टी स्वतंत्रपणे तपासाव्या लागतात.

स्थलांतर : परदेशात जाऊ इच्छिणाऱ्यांना त्या देशाची परीक्षा व नोंदणी आवश्यक असते. भारतातील नर्स प्रॅक्टिशनर शिक्षणक्रमाने परदेशात ती भूमिका आपोआप मिळत नाही.

अनुभव : बहुतेक प्रगत शिक्षणक्रम प्रवेशापूर्वी प्रत्यक्ष रुग्णसेवेचा अनुभव मागतात किंवा त्याला प्राधान्य देतात. विविध कक्षांत काम केल्याने आवड व क्षमता यांचा अंदाज येतो.

अहिल्यानगर जिल्हा

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १७,०४८ चौरस किलोमीटर असून त्यात १४ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ४५,४३,१५९ होती. अकोले तालुक्याचा पश्चिम भाग डोंगराळ व आदिवासीबहुल आहे, तर जामखेड, कर्जत, पाथर्डी हा दक्षिण व पूर्वेकडील भाग अवर्षणप्रवण आहे. शासकीय मानकांनुसार सपाट भागात ५,००० आणि डोंगराळ व आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असते.

जामखेडचा प्रयोग

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दोघांचेही वैद्यकीय शिक्षण वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आणि सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात झाले होते.

आरंभी गावोगावी साहाय्यकारी परिचारिका प्रसविका नेमण्याचा प्रयत्न झाला. बाहेरून आलेल्या तरुण परिचारिकांना गावात एकटे राहणे अवघड जात होते आणि गावातील स्त्रियाही त्यांच्याशी मोकळेपणाने बोलत नव्हत्या. त्यातून गावानेच निवडलेल्या स्थानिक स्त्रियांना प्रशिक्षण देण्याची कल्पना पुढे आली. या ग्राम आरोग्य कार्यकर्त्यांपैकी अनेकजणी निरक्षर व दलित समाजातील होत्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येऊन शिकत आणि गावी परतून गरोदर स्त्रियांची देखभाल, सुरक्षित प्रसूती, बालकांचे पोषण, अतिसारात जलसंजीवनी आणि कुटुंबनियोजनाचा सल्ला ही कामे करत.

प्रकल्पाची रचना त्रिस्तरीय होती. पहिल्या स्तरावर गावातील कार्यकर्ती, दुसऱ्यावर परिचारिकांचा समावेश असलेले फिरते पथक आणि तिसऱ्यावर जामखेडचे रुग्णालय. प्रत्येक स्तरावर काय करायचे आणि कोणते लक्षण दिसताच वर पाठवायचे, हे निश्चित केलेले होते. दुसऱ्या स्तरावरील परिचारिकेचे काम केवळ रुग्णसेवेचे नव्हते. कार्यकर्तीला शिकवणे, तिच्या कामाची पाहणी करणे आणि तिने पाठवलेल्या रुग्णाची तपासणी करणे हेही त्यात येत असे.

प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७० च्या दशकाच्या आरंभी या परिसरात दर हजार जिवंत जन्मांमागे १७६ असलेला बालमृत्युदर १९९० च्या दशकात ३० च्या खाली आला. या घटीचे श्रेय केवळ औषधोपचारांना दिले जात नाही. पिण्याचे पाणी, शेतकरी मंडळे, महिला मंडळे आणि जातिभेदाविरुद्धचे काम हे प्रकल्पाचे अविभाज्य भाग होते.

जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लोकसहभागाविषयीच्या ग्रंथात जामखेडचा समावेश झाला. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबल आरोळे यांचे १९९९ मध्ये आणि रजनीकांत आरोळे यांचे २०११ मध्ये निधन झाले.

शिक्षणसंस्था

जिल्ह्यात परिचर्या शिक्षणाची सोय आहे. राहाता तालुक्यातील लोणी येथील प्रवरा आयुर्विज्ञान संस्थेला २००३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तिच्या अंतर्गत परिचर्या महाविद्यालय चालते. अहिल्यानगर शहराजवळ विळद घाट येथे डॉ. विठ्ठलराव विखे पाटील फाउंडेशनचे परिचर्या महाविद्यालय आहे. महाराष्ट्रातील संलग्न परिचर्या महाविद्यालयांच्या पदवी परीक्षा नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते. अभिमत विद्यापीठे आपल्या परीक्षा स्वतः घेतात.

समुदाय आरोग्य अधिकारी

२०१८ मध्ये आयुष्मान भारत योजनेत उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत करण्यास आरंभ झाला. २०२३ मध्ये या केंद्रांना 'आयुष्मान आरोग्य मंदिर' हे नाव देण्यात आले. येथे नेमल्या जाणाऱ्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याची पात्रता बी.एस्सी. नर्सिंग, जीएनएम किंवा आयुर्वेद पदवी आणि सहा महिन्यांचे सामुदायिक आरोग्य प्रशिक्षण अशी ठेवण्यात आली. महाराष्ट्रात या पदावर आयुर्वेद पदवीधरही मोठ्या संख्येने आहेत.

ग्रामीण भागातील परिचारिकेसाठी हे पद नर्स प्रॅक्टिशनरच्या सर्वांत जवळचे मानता येते. तीस वर्षांवरील व्यक्तींची रक्तदाब, मधुमेह आणि मुख, स्तन व गर्भाशयमुखाचा कर्करोग यांसाठी प्राथमिक तपासणी ही त्याची नेहमीची कर्तव्ये आहेत. रक्तदाबाचे निदान पक्के करून उपचार ठरवणे हे प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्याचे काम असते. त्यानंतर दरमहा औषध देणे, रक्तदाब मोजत राहणे आणि तो आटोक्यात नसल्यास पुन्हा वर पाठवणे हे समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचे काम असते. दूरसल्ला सेवेद्वारे डॉक्टरांशी संपर्क साधण्याची सोयही करण्यात आली आहे.

जबाबदारी आणि अधिकार

६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील कोविड अतिदक्षता विभागास आग लागली. त्या दिवशी ११ रुग्ण मृत्युमुखी पडले. त्यानंतर एक वैद्यकीय अधिकारी व तीन परिचारिका यांना अटक झाली. परिचारिकांनी या कारवाईचा निषेध केला. इमारतीतील विद्युत व अग्निसुरक्षा यंत्रणा परिचारिकांच्या अखत्यारीत नसल्याने तिच्या त्रुटींचा भार त्यांच्यावर टाकू नये, अशी भूमिका या निमित्ताने मांडली गेली. कक्षात चोवीस तास उपस्थित असणाऱ्या व्यक्तीची जबाबदारी कोठे सुरू होते आणि कोठे संपते, हा प्रश्न त्यामुळे सार्वजनिक चर्चेत आला. लेखी कर्तव्यसूची आणि पुरेसे मनुष्यबळ यांचा कार्यकक्षेशी असलेला संबंध या घटनेने अधोरेखित केला.

इतर देशांतील स्थिती

अमेरिकेत निम्म्याहून अधिक राज्यांत नर्स प्रॅक्टिशनर डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय तपासणी, निदान व औषधयोजना करू शकतात. उर्वरित राज्यांत डॉक्टरांशी लेखी करार किंवा देखरेख आवश्यक असते. ब्रिटनमध्ये २००६ पासून पात्र परिचारिकांना आपल्या सक्षमतेच्या मर्यादेत जवळपास सर्व औषधे स्वतंत्रपणे लिहून देता येतात. हा अधिकार पदनामाशी नव्हे, तर औषधयोजनेच्या स्वतंत्र पात्रतेशी जोडलेला आहे.

मतभेद

नर्स प्रॅक्टिशनरला अधिक अधिकार द्यावेत, असे मानणाऱ्यांच्या मते ग्रामीण भागात पर्याय डॉक्टर की परिचारिका असा नसून बहुधा परिचारिका की अप्रशिक्षित व्यक्ती असा असतो. परिचारिका प्रत्यक्षात अनेक निर्णय घेतच असतात. त्यांना कायद्याचे संरक्षण नसल्याने चूक झाल्यास त्या एकट्या पडतात, असाही युक्तिवाद केला जातो.

विरोधकांच्या मते अल्प प्रशिक्षणाच्या आधारे औषधयोजनेचा अधिकार दिल्यास निदानातील चुका व प्रतिजैविकांचा गैरवापर वाढेल आणि ग्रामीण जनतेला दुय्यम दर्जाची सेवा मिळेल. याच कारणास्तव भारतीय वैद्यकीय संघटनेने २०१९ च्या कायद्यातील कलम ३२ ला विरोध केला होता.

जामखेडचा अनुभव दोन्ही बाजूंकडून उद्धृत केला जातो. मर्यादित शिक्षण असलेली व्यक्तीही मोठे काम करू शकते, हे त्यातून दिसते. त्याचबरोबर त्या कामामागे सातत्याचे प्रशिक्षण, नियमित देखरेख आणि रुग्णाला स्वीकारणारे रुग्णालय असावे लागते, हेही दिसते.

हे सुद्धा पहा

• अहिल्यानगर जिल्हा
• जामखेड
• रजनीकांत आरोळे
• आशा कार्यकर्ती
• प्राथमिक आरोग्य केंद्र